भार पाट्यांचा, उसळी शॉकअपची

लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील बाजार समित्यांच्या आवारात लिलावाच्या वेळी ट्रॅक्टरांच्या रांगेशेजारी पिकअपचीही रांग लागलेली असते, आणि द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी व निफाड तालुक्यांतील बागांपासून शीतगृहापर्यंतचा कच्च्या रस्त्याचा टप्पा अनेकदा याच वाहनाच्या वाट्याला येतो. दीड-दोन टन माल वाहणाऱ्या या वाहनाची घडण साधी असते. पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होतात, तर मागची दोन्ही चाके एका अखंड आसाला जोडलेली असतात आणि तो आस कमानपाट्यांनी, म्हणजे एकाखाली एक रचलेल्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या जुडग्याने, चॅसीशी जोडलेला असतो. पाट्यांच्या जोडीला आस आणि चॅसी यांच्यामध्ये जे तेलाने भरलेले, लांबी कमीजास्त होणारे नळकांडे तिरपे बसवलेले असते, ते शॉकअप. ते गळू लागले, त्याचे बुश फाटले किंवा गाडी खड्ड्यानंतर डुलत राहू लागली की नवे कोणते बसवावे हा प्रश्न उभा राहतो, आणि वरवर किरकोळ वाटणाऱ्या या प्रश्नावर वाहन चालवणारे आणि वाहन घडवणारे यांची मते ठळकपणे वेगळी पडतात.

नाशिकमध्ये या मतभेदाला विशेष धार आहे, कारण येथे दोन्ही बाजूंचे जाणकार एकाच शहरात राहतात. सातपूरला महिंद्रा कंपनीचा वाहननिर्मितीचा कारखाना आहे, आणि 1961 साली स्थापन झालेल्या, शॉकअप हेच मुख्य उत्पादन असलेल्या गॅब्रिएल इंडिया कंपनीचा एक कारखाना अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आहे. पुढील संवादात या दोन बाजूंना एकेक वक्ता दिला आहे: एक निफाडकडचा, वयाने वडीलधारा वाहतूकदार, आणि दुसरा वाहनांच्या निलंबन व्यवस्थेवर, म्हणजे चाके आणि चॅसी यांना जोडणाऱ्या लवचीक रचनेवर, काम केलेला अभियंता. हे दोघे कोणी विशिष्ट माणसे नसून दोन भूमिका आहेत.

वाहतूकदाराचे म्हणणे अनुभवाने सुरू होते. “साहेब, पंच्याहत्तर जाळ्या टोमॅटो भरला की गाडीची मागची बाजू बसते, कसाऱ्याच्या घाटात वळणावर हौदा झुकतो आणि उतारावर ब्रेक दाबला की मागून कोणी ढकलते आहे असे वाटते. कंपनीचा शॉकअप बारीक नळीचा असतो, तो एवढ्या ओझ्याला पुरत नाही. म्हणून जाड नळीचा, गॅसचा, गाडीला उचलून धरणारा शॉकअप हवा, हे कोणताही ड्रायव्हर सांगेल.”

“आबा, गाडी डुलते हे अगदी खरे,” असे अभियंता उत्तर देतो, “पण ती बसते त्याच्याशी शॉकअपचा संबंध नाही. भरलेली गाडी सपाट जागी उभी करून मागचे दोन्ही शॉकअप काढून टाकले, तरी हौद्याची जमिनीपासूनची उंची जवळपास तेवढीच राहते, कारण भार पाटे पेलतात. शॉकअपच्या आत दट्ट्या असतो, त्याला बारीक छिद्रे आणि झडपा असतात, आणि दट्ट्या सरकताना तेल त्या छिद्रांतून ढकलले जाते. तेलाचा हा विरोध वेगावर अवलंबून असतो. हालचाल नसेल तर विरोधही शून्य.”

गॅसविषयीचा समज तो आकड्यांनी तपासतो. एकनळी शॉकअपमध्ये नायट्रोजन वायू साधारण 20 ते 30 बार दाबाने भरलेला असतो, आणि हा दाब दांड्याला बाहेर ढकलतो तो फक्त दांड्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाइतक्या भागावर. दांड्याचा व्यास साडेबारा मिलिमीटर धरला तर ते क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते, आणि 25 बार दाबाला त्यातून मिळणारे उचलबळ एका शॉकअपमागे तीस-बत्तीस किलो भरते. दोन्ही बाजू मिळून टोमॅटोच्या तीन जाळ्यांचा भार गॅस पेलतो आणि उरलेल्या बहात्तर पाट्यांवर राहतात. दुनळी शॉकअपमध्ये, म्हणजे एका नळीभोवती तेलसाठ्याची दुसरी नळी असलेल्या प्रकारात, गॅसचा दाब याहून बराच कमी असल्याने हा आकडाही आणखी खाली येतो. गॅस भरण्याचा खरा हेतू वेगळा आहे. खडबडीत रस्त्यावर दट्ट्या वेगाने वरखाली होऊ लागला की त्याच्या एका बाजूचा दाब इतका उतरतो की तेलात बुडबुडे धरतात, आणि बुडबुडे असलेले तेल छिद्रांतून विरोधाशिवाय निसटते. दाबाखालचा गॅस हे बुडबुडे धरू देत नाही.

वाहतूकदार मात्र येथे माघार घेत नाही, आणि त्याने घेऊही नये. “उंची वाढत नसेल, पण जाड शॉकअप बसवल्यावर भरलेली गाडी रस्त्याला धरून चालते, हे हाताला स्टिअरिंगवर कळते. मग ते खोटे कसे?”

ते खोटे नाही, आणि अभियंत्याचे पुढचे विवेचन हे या विषयाचे मर्म आहे. स्प्रिंगवर ठेवलेली वस्तू धक्का बसताच वरखाली झोके घेऊ लागते. हे झोके किती लवकर विरतात ते सांगणाऱ्या गुणोत्तराला अवमंदन गुणोत्तर म्हणतात. वस्तू एकही झोका न घेता जेमतेम जागेवर येते त्या मर्यादेला हे गुणोत्तर 1 मानतात, आणि नेहमीच्या वाहनांत ते साधारण 0.2 ते 0.4 या दरम्यान राखले जाते. गणिताने हे गुणोत्तर शॉकअपच्या विरोधाच्या सम प्रमाणात असते, पण वजन आणि स्प्रिंगचा ताठरपणा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. आता समजा की एका पिकअपच्या मागच्या पाट्यांवर रिकामी असताना साडेचारशे किलो वजन येते आणि भरल्यावर अठराशे. वजन चौपट झाले की तोच शॉकअप, तेच पाटे असूनही गुणोत्तर निम्म्यावर येते. झोक्याचा वेगही निम्मा होतो, म्हणजे रिकामी गाडी सेकंदाला तीन झोके घेत असेल तर भरलेली दीड घेते. त्यातच बहुतेक पिकअपना मदतीचा जाड पाटा असतो, जो भार वाढल्यावरच टेकतो आणि एकूण ताठरपणा वाढवतो. तो दुप्पट झाला तर मूळ गुणोत्तराचा जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो. रिकाम्या गाडीत जो शॉकअप नेमका वाटतो तोच भरलेल्या गाडीत दुबळा ठरतो, आणि हेच ड्रायव्हरला हाताने कळलेले असते.

म्हणजे वाहतूकदाराची मागणी बरोबर आहे, फक्त तिच्यामागचे कारण चुकीचे आहे. हा भेद पंडिती नाही. जो ओझे उचलण्यासाठी शॉकअप शोधतो तो दुकानातून एक वस्तू घेऊन येतो, आणि जो उसळी आवरण्यासाठी शोधतो तो दुसरीच घेऊन येतो. पहिल्या शोधाचा सर्वांत वाईट शेवट म्हणजे बाहेरून गुंडाळी स्प्रिंग चढवलेले किंवा हवा भरून फुगवायचे ‘भार उचलणारे’ शॉकअप. हे खरोखरच थोडा भार घेतात, पण तो भार ते टोकांच्या ज्या कानांतून, म्हणजे जोडाच्या कड्यांतून, चॅसीवर टाकतात ते कान आणि त्यांचे नटबोल्ट केवळ शॉकअपचा ओढा सोसण्यापुरते घडवलेले असतात. तेथे पत्रा फाटतो, वेल्ड उकलते, आणि दुरुस्ती शॉकअपच्या किमतीच्या कितीतरी पुढे जाते.

“मग पाटाच वाढवावा,” हा वाहतूकदाराचा पुढचा उपाय आहे. “भार पाट्यांचा, हे साहेबांनीच सांगितले.”

अभियंत्याच्या मते येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. वर्षानुवर्षे ओझे वाहून पाट्यांची कमान उतरलेली असेल, एखादे पान, म्हणजे जुडग्यातली एक पट्टी, तडकले असेल किंवा मधला सेंटर बोल्ट झिजला असेल, तर पाटे मूळ स्थितीला आणणे हे शॉकअप घेण्याच्या आधीचे काम आहे. बसलेल्या पाट्यांवर नवा शॉकअप घातला तर तो आधीच अर्धा दबलेला राहतो आणि मोठ्या खड्ड्यात त्याला दबायला पुरेशी वाट उरत नाही. मूळ आराखड्यापेक्षा जास्त पान घालणे ही वेगळी गोष्ट आहे. त्याने रिकाम्या गाडीची मागची बाजू उंच होते, शॉकअप जवळजवळ पूर्ण ताणलेल्या अवस्थेत राहतो आणि चाक खड्ड्यात उतरताच आतून टोकाला आपटतो. “आणि आबा, आसापासून चॅसीकडे जाणारी ती बारीक कांडी कधी पाहिली आहे का?” असे तो विचारतो. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या नळीवर भार ओळखणारी झडप असते. आस आणि चॅसी यांतले अंतर कमी झाले की गाडी भरली असे समजून ती मागच्या चाकांना जास्त ब्रेकदाब देते. वाढीव पान घातले की गाडी भरलेली असूनही अंतर मोठेच राहते, झडप तिला रिकामी समजते, आणि मागचे ब्रेक जेव्हा सर्वाधिक हवेत तेव्हाच त्यांना कमी दाब मिळतो. घाटात मागून कोणी ढकलत असल्याची जी तक्रार सुरुवातीला आली, तिचे मूळ पुष्कळदा येथे असू शकते. पाटा वाढवण्याचा सल्ला सहजपणे देणाऱ्यांनी हा मुद्दा गांभीर्याने घेतला पाहिजे. ही झडप नव्या उंचीला जुळवून घेतल्याशिवाय असे वाहन रस्त्यावर आणणे योग्य नाही.

वाहतूकदाराकडे आणखी एक जुना दाखला आहे. पूर्वीच्या जीपगाड्यांचे शॉकअप निकामी झाले तरी त्या पाट्यांवरच वर्षे काढत, कारण पानांचे एकमेकांवरचे घर्षण उसळी खाऊन टाकते. अभियंता हे मान्य करतो आणि त्याची मर्यादाही दाखवतो. मोटारीच्या आरंभकाळी घर्षणावरच भिस्त होती: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हार्टफर्ड यांनी फ्रेंच ट्रूफो यांच्या कल्पनेवरून जो आघातशोषक बाजारात आणला, तो एकमेकांवर घासणाऱ्या चकत्यांचाच होता. पण घर्षणाचा विरोध हळू हालचालीला आणि जलद हालचालीला जवळपास सारखाच असतो. लहान खडीवर तो पाट्यांना हलूच देत नाही, त्यामुळे प्रत्येक हादरा सरळ मालापर्यंत जातो, आणि मोठ्या खड्ड्यानंतर जेव्हा भरपूर विरोध हवा तेव्हा तो अपुरा पडतो. तेलाचा शॉकअप याच्या उलट वागतो. हळू हालचालीला मोकळीक देतो आणि जलद हालचालीला अडवतो.

येथून संवाद परतीच्या प्रवासाकडे वळतो, कारण जाड शॉकअपचा सर्वांत मोठा दोष तेथे दिसतो. वाशीच्या बाजारात माल उतरवून पिकअप अनेकदा रिकामी किंवा थोड्याशा मालावर नाशिकला परतते. भरलेल्या गाडीसाठी विरोध दुप्पट केला तर रिकाम्या गाडीतही तो दुप्पटच राहतो, आणि हलकी मागची बाजू लाकडासारखी ताठ होऊन चाक रस्त्यावरून उडू लागते. चाक, आस आणि ब्रेक ड्रम यांचे वजन मालाने बदलत नाही. त्यांचा स्वतःचा थरथराट सेकंदाला दहा ते पंधरा वेळा होतो, आणि चाक ज्या क्षणी रस्ता सोडते त्या क्षणी त्याला ना ब्रेक लागतो ना वळणाचा आधार मिळतो. ओल्या घाटात रिकामी पिकअप मागून सरकते, त्यामागे हेही एक कारण असते.

“मग दोन्ही बाजूंनी अडचणच,” असे वाहतूकदार म्हणतो. “भरलेल्याला जाड हवा, रिकाम्याला बारीक.”

अभियंत्याचे उत्तर असे की विरोध किती हे एकच परिमाण धरल्याने ही कोंडी होते. विरोध कोणत्या दिशेला आणि किती तेलात, हेही पाहिले पाहिजे. शॉकअप दबताना जो विरोध करतो त्याच्या साधारण दुप्पट-तिप्पट विरोध तो ताणताना करतो, कारण दबलेले पाटे साठवलेली शक्ती परत फेकतात तीच उसळी असते. भाराच्या गाडीसाठी दबण्याचा विरोध फारसा न वाढवता ताणण्याचा विरोध वाढवलेला शॉकअप घेतला, तर खड्ड्याचा धक्का चॅसीवर जात नाही आणि झोका मात्र लवकर मरतो. दुसरी गोष्ट उष्णतेची. शॉकअप उसळीची शक्ती नाहीशी करत नाही, तिची उष्णता करतो; पेठ किंवा सुरगाण्याकडच्या तुटक्या रस्त्यावर तासभर भरलेली गाडी चालली की तेल तापते, पातळ होते आणि छिद्रांतून सहज निसटते, म्हणून सकाळी चांगला वाटणारा शॉकअप दुपारी ढिला पडतो. मोठ्या व्यासाच्या नळीत तेल जास्त असते, पृष्ठभाग मोठा असतो आणि तोच विरोध कमी दाबाने मिळतो, म्हणून असा शॉकअप उशिरा थकतो. जाड नळीचा आग्रह येथे पूर्णपणे समर्थनीय ठरतो, आणि वाहतूकदारांनी तो शास्त्र न वाचता ओळखला याची नोंद घेतली पाहिजे.

दुनळी की एकनळी, या प्रश्नावर अभियंता स्वतः एकनळीकडे झुकतो, कारण तिची तेलाची नळी थेट हवेला लागते आणि लवकर थंड होते. प्रस्तुत लेखकाला मात्र नाशिकच्या शेतरस्त्यांसाठी कमी दाबाचा गॅस असलेली, मोठ्या व्यासाची दुनळी अधिक सोयीची वाटते. एकनळीत बाहेरची नळी हीच दट्ट्याची वाट असते, त्यामुळे उडालेल्या दगडाने तिला एक पोचा आला तरी दट्ट्या अडकतो. दुनळीत तो पोचा बाहेरच्या साठ्यावर राहतो. समृद्धी महामार्गावर हिशेब बदलतो. 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्यापासून इगतपुरीवरून भिवंडीच्या दिशेने जाणाऱ्या मालाला तो मार्ग उपलब्ध आहे, आणि तेथे खड्ड्यांपेक्षा वेग हा प्रश्न आहे. कोणत्याही महामार्गावर पुलाच्या तोंडाशी भराव खचून दहा-पंधरा मीटर लांबीचे सौम्य चढउतार तयार होऊ शकतात. त्यांवरून ताशी 80 किलोमीटरने जाताना गाडीला सेकंदाला दीड ते सव्वादोन वेळा धक्का मिळतो, आणि भरलेल्या पिकअपचा स्वतःचा झोका नेमका त्याच सुमाराचा असतो. दोन्ही जुळले की प्रत्येक धक्का आधीच्या झोक्यात भर घालतो. ज्याची गाडी मुख्यतः अशा रस्त्यावर धावते त्याने अभियंत्याचे ऐकावे.

मालाचा प्रकारही निवडीत आला पाहिजे, असा मुद्दा आता वाहतूकदारच मांडतो, आणि तो अभियंत्याच्या गणितात नव्हता. कांद्याला थोडा हादरा चालतो. द्राक्षाला चालत नाही, कारण बारीक सततच्या थरथरीने मणी देठापासून सुटतात आणि सालीवरची लव पुसली जाते. म्हणून द्राक्ष वाहणाऱ्याने ताठ शॉकअप टाळून वेग कमी ठेवणे हेच बरे. अभियंता हे निमूटपणे स्वीकारतो.

खरेदीआधी जुना शॉकअप खरोखर मेला आहे का, याची परीक्षाही हवी. हौद्यावर उभे राहून गाडी दाबून सोडण्याची लोकप्रिय पद्धत पाट्यांच्या गाडीत फसवी ठरते, कारण पानांचे घर्षणच तो झोका थांबवते. अधिक भरवशाची खूण म्हणजे खराब रस्त्यावरून आल्याबरोबर चारही शॉकअपच्या नळीजवळ हात नेणे: काम करणारा गरम असतो आणि मेलेला गार. दांड्याजवळ तेलाचा हलका ओलावा असेल तर चिंता नाही, पण नळीवरून धार उतरून धूळ चिकटली असेल तर तो संपला. टायरवर ठरावीक अंतराने खळगे पडणे हीही जुनी साक्ष. नळीला भोक पाडून तेल भरून पुन्हा वेल्ड केलेला ‘रिकंडिशन’ शॉकअप दोघांनाही मान्य नाही, कारण आतल्या झिजलेल्या झडपा त्याने बदलत नाहीत.

मग उरतो तो मुद्दा ज्यावर दोघांचे शेवटपर्यंत जमत नाही. वाहतूकदार विचारतो, “दीड टनाच्या गाडीत पंचवीस क्विंटल भरायचे असेल तर कोणता घ्यावा?” अभियंता उत्तर द्यायला नकार देतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 194 प्रमाणे, 2019 च्या दुरुस्तीनंतर, मर्यादेपेक्षा जास्त भारासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड आहे. पण त्याचा नकार दंडापुरता नाही. त्या भाराला आस, बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांतले काहीच घडवलेले नसते, आणि चांगला शॉकअप तेथे घातक ठरतो, कारण गाडी स्थिर भासल्याने ड्रायव्हर अधिक वेगाने जातो. वाहतूकदाराचा प्रतिवाद असा की भाडे खेपेवर ठरते, डिझेल वाढते, टोमॅटोचा भाव पडला की एका खेपेत जास्त माल नेणे हाच शेतकऱ्याचा बचाव असतो. तो खरा आहे. मात्र तो प्रश्न भाड्याच्या पद्धतीचा आहे, आणि त्याचे उत्तर गॅरेजमध्ये नाही.

निवडीची सुरुवात म्हणूनच वजनकाट्यावर व्हावी, यावर अखेर दोघांचे एकमत होते: गाडी एकदा रिकामी आणि एकदा नेहमीच्या भाराने, पुढचा आस व मागचा आस वेगवेगळा तोलून पाहावा, मग पाटे तपासावेत, मग दोन्ही स्थितींत शॉकअपच्या दोन कानांमधले अंतर फुटपट्टीने मोजून नव्याची दबलेली व ताणलेली लांबी त्याच्याशी ताडून घ्यावी. एका आसावरचे दोन्ही शॉकअप एकदमच बदलावेत. दुनळी शॉकअप बसवण्याआधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबून ताणावा, म्हणजे आडवा पडून आत शिरलेली हवा वर निघून जाते. आणि कानांचे नट गाडी जॅकवर असताना नुसते बोटाने लावून, चाके जमिनीवर टेकल्यावर गाडीच्या स्वतःच्या वजनाखाली घट्ट करावेत, नाहीतर पिळलेल्या अवस्थेत आवळलेला रबरी बुश थोड्याच काळात फाटतो.